अपघातग्रस्ताला दवाखान्यात नेलं, आता पोलीस ठाण्यातून फोन येतात. काय करावं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मागच्या महिन्यात रात्री साडेनऊच्या सुमारास पुणे-सातारा रस्त्यावर शिरवळच्या अलीकडे एक मोटारसायकलवाला पडलेला दिसला. तुम्ही आणि तुमच्या मेव्हण्यांनी त्याला गाडीत घेतलं आणि जवळच्या खासगी रुग्णालयात पोचवलं. काउंटरवर आधी 20,000 भरा म्हणाले. तुम्ही खिशातले 5,000 भरले, नाव आणि मोबाइल नंबर लिहून दिला. त्यानंतर ठाण्यातून तीन फोन आले, ‘जबाब द्यायला या’. एकदा अर्धा दिवस रजा टाकून गेलात, तर साहेब बंदोबस्ताला गेले होते. घरचे म्हणतात, पुन्हा असल्या भानगडीत पडू नकोस. तुम्ही विचारताय की मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे असं ऐकलं होतं, ते खरं आहे का, आणि पुढच्या वेळी थांबावं की नाही.

प्रश्नाच्या अगदी शेवटी तुम्ही आणखी एक ओळ सहज लिहिली आहे. तुम्ही पोचलात तेव्हा एक टेम्पो घाईघाईत निघून जात होता, त्याचा मागचा एक दिवा फुटलेला होता आणि नंबरचे शेवटचे चार आकडे तुमच्या लक्षात राहिलेत. त्या ओळीकडे मी नंतर येतो. माझ्या दृष्टीने तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे.

मी सातारा जिल्ह्यात 22 वर्षं मोटार अपघाताचे दावे चालवतोय, बहुतेक वेळा जखमींच्या आणि मयताच्या वारसांच्या बाजूने. त्या अनुभवावरून सांगतो. संरक्षण आहे, आणि ते कागदावर चांगलं भक्कम आहे. अडचण अशी की रुग्णालयाच्या काउंटरवर बसलेल्या मुलाला ते माहीत नसतं, ठाण्यातल्या अंमलदाराला अर्धवट माहीत असतं, आणि आपल्याला मागता येत नाही. दुसरी अडचण याहून मोठी आहे. आपल्याला नेमकं कोण म्हणून बोलावलंय हे तुम्हाला कोणीच सांगितलेलं नाही. मदत करणारा, साक्षीदार आणि फिर्यादी ही तीन वेगवेगळी माणसं आहेत. एकच माणूस तिन्ही असू शकतो, पण त्याला न विचारता पहिल्याचा दुसरा किंवा तिसरा करता येत नाही. लोकांना जो त्रास होतो तो बहुतेक वेळा इथे होतो.

कायदा कुठून आला ते थोडक्यात सांगतो, कारण ठाण्यात किंवा दवाखान्यात बोलताना त्याचा उपयोग होतो. 1989 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात निकाल दिला. एका स्कूटरस्वाराला लोकांनी जवळच्या दवाखान्यात नेलं होतं. तिथे सांगितलं की पोलीस केस आहे, आम्ही घेत नाही, 20 किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात न्या. तो वाटेतच गेला. न्यायालयाने ठणकावलं की आधी उपचार, पोलिसांचे सोपस्कार नंतर. मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 मध्येही डॉक्टरवर तेच बंधन आहे. तरीही बघ्यांची भीती गेली नाही. दिल्लीच्या सेव्हलाइफ फाउंडेशनने 2013 मध्ये पाहणी केली, तेव्हा 74 टक्के लोकांनी सांगितलं की आम्ही गंभीर जखमीला मदत करण्याची शक्यता कमी. कारण विचारल्यावर त्यातल्या 88 टक्क्यांनी पोलिसांची चौकशी आणि कोर्टाच्या तारखांकडे बोट दाखवलं. याच संस्थेच्या 2012 च्या जनहित याचिकेवरून केंद्राने मे 2015 मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि 30 मार्च 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना देशभर कायद्याचं बळ दिलं. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134अ आलं, आणि 2020 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत 168 आणि 169 हे दोन नियम जोडले गेले. कायद्यात मदत करणाऱ्याला ‘गुड समॅरिटन’ म्हटलंय, हा शब्द लक्षात असू द्या.

कलम 134अ चा अर्थ असा. कुठलंही बक्षीस किंवा मोबदला मिळेल म्हणून नव्हे, तर आपणहून, चांगल्या हेतूने तुम्ही अपघातग्रस्ताला जागेवर मदत केलीत किंवा दवाखान्यात नेलंत, आणि ते करताना तुमच्या हातून काही चुकलं, त्यामुळे त्याची इजा वाढली किंवा अगदी तो दगावला, तरी तुमच्यावर ना फौजदारी खटला चालतो, ना नुकसानभरपाईचा दावा. ‘उचलताना मणका दुखावला तर माझ्यावर येईल’ ही भीती लोक मला नेहमी बोलून दाखवतात. तिचं उत्तर या कलमात आहे.

नियम 168 म्हणतो की तुमचं नाव, पत्ता, ओळख सांगायची सक्ती पोलीस करू शकत नाहीत, दुसरं कोणीही करू शकत नाही. तुम्ही स्वतःहून सांगितलंत तर ती तुमची मर्जी. धर्म, जात, लिंग यावरून भेदभाव नाही, वागणूक सन्मानाची हवी. शिवाय प्रत्येक रुग्णालयाने, सरकारी असो की खासगी, मदत करणाऱ्याच्या हक्कांचा फलक दर्शनी भागात इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत लावायचा आहे. पुढच्या वेळी कुठल्याही दवाखान्यात गेलात की तो फलक आहे का ते बघा. नसेल तर विचारा. असं चार लोकांनी विचारलं की फलक लागतो, हे मी पाहिलंय.

आता तुमचे 5,000 रुपये. तुम्ही जखमीचे नातेवाईक नव्हतात, त्यामुळे नोंदणीसाठी किंवा दाखल करून घेण्यासाठी तुमच्याकडे पैसे मागायलाच नको होते. न्यायालयाने मान्य केलेल्या तत्त्वांत हे स्पष्ट आहे, आणि तुम्हाला तिथे थांबवून ठेवणंही त्यात बसत नाही. पावती असेल तर रुग्णालयाच्या व्यवस्थापनाला एका पानाचा अर्ज देऊन रक्कम परत मागा. त्याच अर्जात आणखी एक गोष्ट मागा: अमुक दिवशी, अमुक वेळी, अमुक ठिकाणाहून तुम्ही जखमीला आणून दाखल केलंत, अशी लेखी पोच. मागितल्यास ती द्यायची असते आणि पुढे तीच तुमची ढाल होते. उपचाराच्या खर्चाचं म्हणाल तर 5 मे 2025 पासून रस्ता अपघातातल्या जखमीसाठी केंद्राची कॅशलेस योजना लागू आहे. अपघातापासून 7 दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत, योजनेत असलेल्या रुग्णालयांत. पेशंटच्या घरच्यांना हे माहीत नसेल तर त्यांच्या कानावर घाला.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत. ज्याच्या गाडीने धडक बसली तो ‘गुड समॅरिटन’ होत नाही. त्याच्यावर जखमीला मदत करण्याचं आणि पोलिसांना कळवण्याचं कायदेशीर बंधनच आहे, आणि ते मोडलं तर कलम 187 प्रमाणे 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 पर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणून तुमच्या गाडीचा या अपघाताशी काडीचाही संबंध असेल, अगदी आरसा घासला असेल तरी, माझं हे उत्तर तुम्हाला लागू नाही. आधी वकिलाला भेटा. दुसरं, 134अ फक्त मोटार वाहनाच्या अपघातापुरतं आहे. उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीवर दुचाकी आदळली तर ते लागू होतं. मळणी यंत्रात हात सापडला किंवा कोणी विहिरीत पडलं तर हे कलम नाही, तिथे भारतीय न्याय संहितेतलं भल्यासाठी चांगल्या हेतूने केलेल्या कृतीचं सर्वसाधारण संरक्षण कामी येतं. तिसरं, कोर्टाचं समन्स. पोलिसांचा फोन आणि कोर्टाचं समन्स यात फरक आहे. समन्स आलं तर ते कधीही दुर्लक्षित करू नका. व्हिडिओ कॉन्फरन्सने साक्ष घ्यावी अशी विनंती करता येते, पण गप्प बसणं चालत नाही.

मग ठाण्याच्या फोनचं काय करायचं? पहिलं म्हणजे फोनवर विचारा, नम्रपणे पण नेमकं: “साहेब, मला कोण म्हणून बोलावताय? गुन्हा नोंदला आहे का, नंबर काय, तपासी अंमलदार कोण?” बऱ्याचदा असं निघतं की गुन्हा नोंदायला फिर्यादी हवा असतो, जखमी बेशुद्ध असतो, नातेवाईक पोचलेले नसतात, आणि ज्याचा नंबर रजिस्टरमध्ये आहे तो हाताशी असतो. फिर्यादी होणं हे वाईट काम नाही. पण फिर्यादीची साक्ष कोर्टात होणारच, म्हणून तो निर्णय तुम्ही समजून घ्यायला हवा. तुमच्या बाबतीत महिना उलटलाय, जखमी शुद्धीवर असेल तर त्याचा स्वतःचा जबाब होऊ शकतो. घटनास्थळाच्या पंचनाम्यावर पंच म्हणून सही मागितली, तर पंचनामा होताना तुम्ही खरोखर तिथे होतात का, हे स्वतःला विचारा. नसाल तर सही नाही. न वाचता, कोऱ्या जागा असलेल्या कागदावर तर कुठेच नाही.

साक्षीदार म्हणून जबाब द्यायला तुम्ही तयार असाल, तर नियम 169 तुमच्या बाजूने आहे. तुमच्या सोयीच्या वेळी, सोयीच्या जागी, म्हणजे घरी किंवा दुकानात, अधिकाऱ्याने साध्या वेशात येऊन जबाब घ्यायचा आहे. तुम्हालाच ठाण्यात जायचं असेल तर जा, पण तिथे एकाच वेळी पूर्ण जबाब व्हायला हवा, उगाच ताटकळत ठेवायचं नाही. हे तोंडी सांगून पुष्कळदा भागतं. भागलं नाही तर मी माझ्या पक्षकारांना एक साधा अर्ज लिहून देतो, तोच इथे देतो:

“मी दि. __ रोजी अपघातातील जखमी इसमास रुग्णालयात दाखल केले. माझ्या वाहनाचा सदर अपघाताशी संबंध नाही. मोटार वाहन अधिनियम 1988 चे कलम 134अ व केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 चे नियम 168 व 169 अन्वये मी गुड समॅरिटन आहे. मला जी माहिती आहे ती मी स्वेच्छेने देण्यास तयार आहे. माझा जबाब माझ्या राहत्या घरी दि. __ रोजी __ वाजता एकाच वेळी नोंदवून घ्यावा, ही विनंती.”

दोन प्रती काढा. एक ठाण्याच्या आवकमध्ये द्या, दुसरीवर शिक्का आणि तारीख घेऊन पोच ठेवा. तरीही दमदाटी झाली तर तीच पोच जोडून पोलीस अधीक्षक कार्यालयात अर्ज करा. मदत करणाऱ्यावर जबरदस्ती करणाऱ्या सरकारी माणसावर खात्याची कारवाई व्हावी, असं 2016 च्या आदेशातच आहे. एवढं मात्र मनापासून सांगतो की ठाण्यातले सगळे त्रास द्यायला बसलेले नसतात. एका अंमलदाराकडे पन्नास कामं असतात. अर्ज व्यवस्थित लिहिलेला असला की त्याचंही काम हलकं होतं, आणि मी पाहिलंय की बहुतेक जण घरी येऊन अर्ध्या तासात जबाब घेऊन जातात.

आता त्या टेम्पोकडे येतो.

2018 मध्ये माझ्याकडे माण तालुक्यातली एक बाई आली. नवरा 34 वर्षांचा, कारखान्यात महिना 18,000 पगार. रात्रपाळी संपवून येताना कोणीतरी मागून धडक दिली आणि निघून गेला. एका दुधाच्या टँकरवाल्याने त्याला उचलून दवाखान्यात आणलं. रात्री उशिरा माणूस गेला. रुग्णालयाच्या रजिस्टरच्या त्या पानाची झेरॉक्स तिने घडी घालून पिशवीत जपून ठेवली होती. ‘कोणी आणले’ या रकान्यात निळ्या शाईत लिहिलं होतं: अनोळखी इसम. टँकरवाला नाव न सांगता निघून गेला होता. त्याला तो हक्क होता, त्याचं काही चुकलं नाही, आणि त्याने रस्त्यावर थांबून जे केलं ते त्या घरावर मोठे उपकार होते. पण ड्यूटीवरची सिस्टर सांगायची की तो येताना ‘पुढे ट्रक पळाला, मी पाहिला’ असं काहीतरी बोलत होता. तिच्या दिराने महामार्गावरचे ढाबे पालथे घातले, दूध संकलन केंद्रांवर चौकशी केली. तो माणूस सापडला नाही. पोलिसांनी शेवटी ‘अ’ समरी पाठवली, म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी सापडत नाही.

वाहन सापडलं असतं तर त्याच्या विमा कंपनीविरुद्ध दावा चालला असता. हिशोब साधा आहे. वर्षाचा पगार 2,16,000. भावी वाढीपोटी 40 टक्के धरले की 3,02,400. घरात बायको, दोन मुलं आणि आई अशी चार माणसं अवलंबून, म्हणून मयताच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा करून 2,26,800. त्या वयाला गुणक 16, म्हणजे ही वर्षाची रक्कम 16 ने गुणायची. म्हणजे 36 लाखांच्या वर. वाहन अज्ञात राहिलं, म्हणून तेव्हाच्या नियमाप्रमाणे तिला मिळाले 25,000. एप्रिल 2022 पासून ही रक्कम मृत्यूसाठी 2 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी 50,000 झाली आहे. बरी वाढ आहे, पण 36 लाखांपुढे ती काय?

म्हणून मदत करणाऱ्या प्रत्येकाला मी दोन्ही गोष्टी सांगतो. नाव न सांगण्याचा हक्क तुमचा आहे, तो कोणी हिरावू शकत नाही. आणि तुम्ही काही पाहिलं असेल तर तो हक्क सोडून एकदा बोला, कारण दवाखान्यापर्यंतची मदत त्या रात्रीपुरती असते आणि तुमचा एक जबाब त्या घराला पुढची पंधरा वर्षं पुरतो. तुम्ही धडक पाहिली नाहीत असं तुम्ही म्हणता. ते तसंच सांगा. पण निघून जाणारा टेम्पो, फुटलेला दिवा आणि चार आकडे हे तुम्ही पाहिलंय. टोलनाक्यावरचे कॅमेरे आणि फास्टॅगच्या नोंदी यांच्या जोडीला चार आकडे तपासी अंमलदाराला पुष्कळ होतात.

बक्षिसाबद्दल विचारलं नाहीत, पण सांगतो. केंद्राची योजना ऑक्टोबर 2021 मध्ये सुरू झाली तेव्हा 5,000 रुपये होते. 2025 मध्ये ती ‘राह-वीर’ नावाने आली आणि रक्कम 25,000 झाली. अट अशी की जखमीला ‘गोल्डन अवर’मध्ये, म्हणजे इजा झाल्यापासून पहिल्या तासात दवाखान्यात पोचवलेलं असावं आणि दुखापत गंभीर असावी: मोठी शस्त्रक्रिया, किमान तीन दिवस दाखल, मेंदूला किंवा मणक्याला इजा, अशा स्वरूपाची. डॉक्टरांकडून खात्री करून पोलीस पत्र देतात आणि ते जिल्हास्तरीय समितीकडे जातं. तुम्ही आणि मेव्हणे दोघं होतात, तर रक्कम दोघांत विभागली जाते. योजना सध्या कुठल्या मुदतीत चालू आहे हे आरटीओत विचारून घ्या. यासाठी नाव द्यावं लागतं, हे उघड आहे. बक्षीस घेतलं तर 134अ चं संरक्षण जाईल का, असं एकाने विचारलं होतं. माझं मत, नाही. कायदा मदत करतानाचा हेतू बघतो, सरकारने नंतर केलेला गौरव नाही.

पुढच्या वेळी थांबावं का? थांबा. गाडी सुरक्षित बाजूला लावा, इंडिकेटर चालू ठेवा आणि उचलायच्या आधी 112 किंवा 108 ला फोन लावा. रुग्णवाहिका लवकर येण्यासारखी असेल तर थांबणं बरं. नसेल तर न्या. त्या फोनची वेळ तुमच्या मोबाइलमध्ये नोंदली जाते, आणि जमाव किंवा नातेवाईक ‘यानेच ठोकलं’ म्हणून अंगावर आले, तर ती नोंद आणि तुमच्या गाडीच्या पुढच्या भागाचा त्याच वेळी काढलेला एक फोटो फार कामाला येतो. आमच्या भागात मदत करणाऱ्याला खरा धोका पोलिसांपेक्षा या गैरसमजाचा असतो. शक्य असेल तर आणखी कोणाला तरी सोबत घ्या. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कपडा घट्ट दाबून धरा. पाणी पाजू नका, लोक हमखास बाटली तोंडाला लावतात.

राहिले ते चार आकडे. महिनाभरात आठवणीतले आकडे मागेपुढे होतात. हे वाचून झालं की मेव्हण्यांना फोन करा, त्यांना काय आठवतंय ते तुमचं न सांगता विचारा, आणि दोघांनी आपापलं वेगवेगळ्या कागदावर लिहून खाली आजची तारीख घाला. उद्या अंमलदाराला फोन करून रविवारची वेळ द्या.